बाळंतपण आणि बुडालेली मजुरी

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या टेकड्यांमध्ये आंबागड हा गोंडकालीन किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या राजवटीत, सन १७०० च्या सुमारास तो बांधला गेला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग म्हणून उपयोग केला. आज या परिसरातील जीवनमान ठरते ते तीन प्रकारच्या कामांवर : धानाची शेती, जंगलातील गौण उपज आणि मँगनीजच्या खाणी. यांपैकी कोणते काम घरात आहे, यावर कुटुंबाचे उत्पन्न तर अवलंबून असतेच. पण मूल जन्माला आल्यावर त्या घराचे काय होते, हेही त्यावरच ठरते.

धानाच्या बांध्यांतील रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि ती मुख्यतः स्त्रियांच्या हातांनी होते. कापणी दिवाळीच्या आगेमागे येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, त्यानंतर पावसाळ्यापूर्वीचे काही आठवडे तेंदूपत्ता. वर्षाची कमाई अशी मोजक्या आठवड्यांत एकवटलेली असते. बाळंतपण नेमके रोवणीच्या दिवसांत आले, तर हंगामातील मोठा हिस्सा हातचा जातो. पुढची मजुरी थेट कापणीला!

याच तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे ‘मॉईल’ या सरकारी कंपनीच्या मँगनीज खाणी आहेत. तेथील कायम नोकरीला दरमहा पगार, भविष्य निर्वाह निधी आणि रजा असते. मात्र १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत कामास मनाई केली होती. २०१९ मध्ये ती अंशतः शिथिल झाली, तीही तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय कामांपुरती. त्यामुळे खाणीतील नियमित पगार प्रामुख्याने पुरुषांकडे गेला.

मातृत्व लाभाच्या तरतुदींत ही दरी स्पष्ट दिसते. १९६१ च्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. परंतु तिचा लाभ आस्थापनेत नोकरी करणाऱ्या स्त्रीला मिळतो. शेतमजूर स्त्रीसाठी २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. तिच्यात पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये.

ही रक्कम किती दिवसांची? २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. या दराने ५,००० रुपये म्हणजे जेमतेम १६ दिवसांची मजुरी. नोकरदार स्त्रीला मिळणारे २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस.

रोजगार हमीची कल्पना मूळ महाराष्ट्राची. राज्याचा कायदा १९७७ चा. केंद्राच्या २००५ च्या कायद्याच्या पहिल्या टप्प्यात, २००६ मध्ये, भंडाऱ्याचा समावेश झाला. कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला मजुरीवर नेमण्याची तरतूद त्यात होती. मूल आणि मजुरी यांचा संबंध कायद्याने मान्य केला होता, ही बाब महत्त्वाची. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याऐवजी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा संमत केला.

प्रश्न केवळ आंबागडचा नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देते, तर पुरुष ९७ मिनिटे. श्रीमंत देशांतही स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील तफावत पहिल्या अपत्यानंतर वाढते, हे क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिले. त्यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. फरक इतकाच की, तेथे आईची बढती मागे पडते. येथे चूल पेटण्याचा प्रश्न उभा राहतो. मग उसनवारी होते आणि थोरल्या मुलीला धाकट्या भावंडासाठी शाळेतून घरी बसवले जाते.

ही साखळी तोडण्यासाठी राज्याने २०२३ मध्ये ‘लेक लाडकी’ योजना आणली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबातील मुलीला जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये देण्याची तिच्यात तरतूद आहे. मुलीच्या शिक्षणाला तिचा आधार होईलही. बाळंतपणात आईची बुडणारी मजुरी मात्र तिने भरून निघत नाही. शहरांतील घरकामगार स्त्रियांचीही हीच स्थिती आहे. मातृत्वाचे संरक्षण नोकरीशी जोडलेले असेल, तोवर नोकरी नसलेल्या आईच्या मुलाची सुरुवात मागूनच होणार.