वाडा आणि वाडा

वाडा हा शब्द आपल्या भाषेत दोन ठिकाणी राहतो. आमच्या तळेगावाला सरदाराचं आडनाव चिकटलं, ढमढेरे. सरदार म्हटला की वाडा आला. आणि गाव म्हटलं की वेशीबाहेर दुसरा वाडा आला, महारवाडा, मांगवाडा. एका वाड्याला देवडी, चौक, दिवाणखाना. दुसऱ्याला मेढी, कूड आणि वर पाचटाचं छप्पर. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात दोन्ही अर्थ एकाच शब्दाखाली नांदतात, मोठी हवेली आणि वस्तीचा भाग. तिसरा अर्थ गुरं कोंडायच्या जागेचा. शब्दाचं मूळ संस्कृत 'वाट', म्हणजे कुंपण. कुंपणाच्या आत कोण आणि बाहेर कोण, एवढंच मग ठरवायचं राहिलं.

मी सूतगिरणीतला कामगार. घराचे शब्द मी कोशात नंतर पाहिले, आधी आज्याच्या तोंडून ऐकले. आजा गवंड्याच्या हाताखाली बिगारी होता. जोतं, चिरा, खांब, खांबाखालचं दगडी उथळं, वरची तुळई, तिच्यावर कडीपाट, त्यावर मातीचं माळवद, भिंतीत कोनाडा. घर किती मोठं, ते तो फुटांत सांगायचा नाही, खणांत सांगायचा. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. भिंत सरळ आहे का ते ओळंब्यानं बघायचं, जमीन सपाट आहे का ते पाणसळीनं. हे सगळं त्याच्या हातातलं. एकच शब्द त्याच्या नुसता कानातला, माजघर. माज म्हणजे मध्य. घराच्या मधली खोली.

तिथली भिंत त्यानं बांधू लागलेली, बरं का. पंचक्रोशीतल्या एका वाड्याची माजघराची भिंत पावसानं बसली होती. आज्यानं पांढरी माती आणली, भुसा घातला, पायांनी गारा तुडवला, घमेली वाहिली. भिंत उभी राहिली, वर गिलावा झाला. मग गोमूत्र शिंपडलं, पूजा घातली आणि मजुरी ओट्याखाली उभं करून वरून हातावर टाकली. १९५० ला घटना लागू झाली, सतराव्या कलमानं अस्पृश्यता संपली. ही गोष्ट त्यानंतर दहा-बारा वर्षांची. गाऱ्यात पाय चालले, उंबऱ्यावर चालले नाहीत.

शब्दांना मात्र ही अडचण कधी नव्हती. दरवाजा आणि दिवाणखाना फारसीतून आले. मिस्त्री पोर्तुगीज, दाराची बिजागरी पण पोर्तुगीज. सात समुद्रापलीकडचा शब्द माजघराच्या दाराला जाऊन बसला, त्याला कुणी जात विचारली नाही. वेशीपासून माजघर किती लांब?

पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० चा, वास्तुशांत १७३२ ची. खर्च १६,११० रुपये सांगतात. सागवान जुन्नरच्या जंगलातलं, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीकडचा. लाकूड, दगड, चुना, सगळ्यांची गावं इतिहासाला ठाऊक. ते डोक्यावर, पाठीवर कुणी वाहिलं त्यांची गावं कुठं आहेत? १८२८ च्या आगीत लाकडाचं सगळं गेलं. तट आणि जोती राहिली, म्हणजे वडार-पाथरवटाचं काम राहिलं. आमच्याकडची नावं दगडावर बघायची तर तळेगावाहून कोरेगाव भीमाला जावं लागतं. तिथल्या रणस्तंभावर 'नाक' लागलेली नावं कोरलेली आहेत. ती लढून मेलेल्यांची, १ जानेवारी १८१८ ची. बांधून मेलेल्यांची अजून कुठं दिसली नाहीत.

डिसेंबर २०२० ला राज्य सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचं ठरवलं. महारवाडा जाऊन समतानगर, भीमनगर. चांगलं झालं. पण सरकारचा आपल्या घरासाठीचा शब्द बघा, घरकुल. सरदाराच्या वाड्याला कुणी कधी घरकुल म्हटलंय?

आम्हाला यंदा रमाई आवासचं घरकुल मिळालं, २६९ चौरस फूट. मिस्त्री आला, फक्कीनं रेघा मारायला लागला. त्याची भाषा वेगळीच. कॉलम, बीम, सेंट्रिंग, स्लॅब. हा हॉल, हे किचन, हे बाथरूम. आजा ऐंशीच्या पुढं गेलाय, काठी टेकत रेघांच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"मिस्त्री, माजघर कुठं काढलं?"

"आजोबा, एवढ्या जागेत माजघर नाही बसत."

आजा रेघ ओलांडून बाहेर आला. मग परत आत गेला, आणि खाली बसला.