दाराच्या खांबावरचा आकडा

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की मधल्या खांबावर एक छोटा स्टिकर दिसतो. पुढच्या चाकांत हवा किती, मागच्या चाकांत किती, दोघंतिघं बसले तर किती आणि गाडी माणसांनी-सामानाने गच्च भरली तर किती, हे सगळं त्यावर छापलेलं असतं. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. पण तो वाचतो कोण? पंपावरचा मुलगा "किती मारू?" विचारतो, आपण सवयीने "तीस-बत्तीस" म्हणतो आणि विषय संपतो.

या आकड्याचं घराणं मात्र जुनं आहे, आणि त्यात भांडणंही भरपूर आहेत.

हवेच्या चाकाचा मूळपुरुष म्हणजे स्कॉटलंडमधल्या स्टोनहेवनचा रॉबर्ट विल्यम थॉमसन. 1845 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने रबर लावलेल्या कापडाची नळी, तिच्यावर चामड्याचं कवच आणि आत हवा अशा चाकाचं पेटंट घेतलं. 1847 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला लावून ते चालवूनही दाखवलं. पण तेव्हा मोटारी नव्हत्या आणि रबर महाग होतं, त्यामुळे लोक हे चाक विसरून गेले. 1888 मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तेच पुन्हा शोधून काढलं. त्याने घेतलेलं पेटंट पुढे थॉमसनच्या जुन्या पेटंटमुळे रद्द झालं. नाव मात्र डनलॉपचंच राहिलं.

या दोघांच्या काळात आकड्याचा प्रश्नच नव्हता. अंगठ्याने दाबून बघायचं, कडक लागलं की झालं. आपल्या साध्या सायकलींना अजून तीच रीत आहे, कारण त्यांच्या व्हॉल्व्हमध्ये वालट्यूब नावाची रबराची बारीक नळी असते. तिच्यातून हवा आत जाते, पण आतला दाब बाहेरून धड मोजता येत नाही. दाब मोजायला वेगळा व्हॉल्व्ह हवा होता, आणि तो आला न्यूयॉर्कहून. ऑगस्ट श्रेडर हा जर्मनीतून आलेला कारागीर तिथे रबरी वस्तूंना लागणारे पितळी भाग आणि पाण्यात बुडी मारणाऱ्यांचं साहित्य बनवत असे. 1893 मध्ये त्याच्या मुलाच्या नावावर टायरच्या व्हॉल्व्हचं पेटंट झालं. आज कारच्या आणि मोटरसायकलच्या चाकावरची प्लास्टिकची टोपी काढल्यावर दिसतो तो हाच व्हॉल्व्ह. मधली पिन नखाने दाबली की फुस्स आवाज येतो, सोडली की स्प्रिंग तिला पुन्हा वर ढकलते आणि आतली हवा स्वतःच दार घट्ट लावून घेते. पिन दाबून आतला दाब वाचता येऊ लागला आणि मग गेज आलं, मागोमाग आकडाही आला.

पहिले आकडे आज ऐकले तर दचकायला होतं. दाब दर चौरस इंचावर किती पाउंड असा मोजतात, आणि टायरच्या रुंदीच्या दर इंचाला वीस पाउंड, असा तेव्हाचा ठोकताळा होता. म्हणजे तीन इंची टायरला 60. टायर अरुंद, त्यामुळे थोड्या हवेला सगळं वजन पेलायचं, म्हणून दाब जास्त. 1923 च्या सुमाराला जाड आणि मऊ बलून टायर आले. हवा जास्त मावू लागली, तेवढंच वजन कमी दाबात पेललं जाऊ लागलं आणि आकडा तिशीच्या आसपास उतरला. आपलं "तीस-बत्तीस" त्या वंशातलं आहे.

पण सगळ्यांना एकच तीस चालत नाही, हे एका छोट्या गाडीने शिकवलं. ऑक्टोबर 1959 मध्ये जनरल मोटर्सने शेवरोले कॉरव्हेअर बाजारात आणली. अमेरिकेच्या मानाने ती छोटी होती आणि इंजिन मागे होतं. मागचा भाग जड आणि मागचे ॲक्सल झुलते, त्यामुळे जोरात वळताना शेपूट बाहेर फेकलं जाण्याचा धोका होता. कंपनीने यावर हवेचा उपाय काढला: थंड टायरमध्ये पुढे 15 आणि मागे 26. पुढचे टायर मुद्दाम मऊ ठेवले की वळणावर पुढचा भाग आधी सरकतो आणि मागचा आवाक्यात राहतो. कागदावर हे शहाणपणाचं होतं. पण पुढच्या चाकांत 15 बघून कोणता पंपवाला स्वस्थ बसेल? टायर बसलाय म्हणून तो हवा भरणार, आणि इंजिनियरने मांडलेला तोल दोन मिनिटांत मोडणार.

राल्फ नेडर या अमेरिकी वकिलाने 1965 च्या 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण कॉरव्हेअरवर लिहिलं. तोल सांभाळणारा पुढचा बार सुरुवातीला खर्च वाचवायला वगळला आणि भार मालकाच्या गेजवर टाकला, हा त्याचा मुख्य आक्षेप होता. कंपनीने त्याच्या मागे खासगी गुप्तहेर लावले, ते उघडकीला आलं आणि 1966 मध्ये तिच्या अध्यक्षांना सिनेटसमोर माफी मागावी लागली. पुढे 1972 च्या सरकारी अहवालाने ही गाडी तिच्या काळातल्या इतर गाड्यांहून जास्त धोकादायक नव्हती असं म्हटलं. तरीही मला नेडरचा मुद्दा पटतो. एका माणसाच्या विसरण्यावर उलटू शकेल अशी गाडी विकायची नसते. 1966 मध्येच अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला, आणि त्याखालच्या नियमांनी 1968 पासून टायरचा दाब गाडीवरच लिहिणं सक्तीचं केलं. दाराच्या खांबावरचा आपला स्टिकर त्यांचाच वारस.

भांडण मात्र मिटलं नाही. फोर्डने एक्सप्लोरर या उंच गाडीला 26 चा आकडा दिला होता. तिच्या फायरस्टोन टायरांचं ट्रेड, म्हणजे रस्त्याला लागणारा वरचा थर, उष्ण भागात उखडतंय, हे 2000 साली गाजलं. गाड्या उलटल्या आणि 200 हून अधिक माणसं गेली. टायर कंपनीने दोष फोर्डच्या कमी दाबावर टाकला, फोर्डने टायरवर. चौकशीत टायरच्या रचनेतला दोष निघाला. पण दाब कमी असला की टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त दुमडते आणि तापते, हेही खरंच होतं. त्याच वर्षी नवा कायदा आला आणि त्यातून पुढे डॅशबोर्डवरचा टायरचा दिवा सक्तीचा झाला. पण त्या अमेरिकी नियमाप्रमाणे तो दाब पाव हिश्श्याने घटल्यावर लागला तरी चालतं. म्हणजे 32 च्या जागी 24 झाल्यावर! भारतात 2020 च्या नियमबदलाने असा दिवा आणि दुरुस्तीचं किट असलेल्या ट्यूबलेस टायरच्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती राहिली नाही.

आता एक घोटाळा सांगायलाच हवा. टायरच्या बाजूवरही 44 किंवा 51 असा आकडा कोरलेला असतो. तो त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीचा दाब नव्हे. तेवढी हवा भरली तर मधला भाग लवकर झिजतो आणि पकड कमी होते. आपला आकडा गाडी बनवणाऱ्याने ठरवलेला आणि खांबावरचाच, तोही थंड टायरचा: गाडी दोनतीन तास उभी राहिल्यावरचा. तापमान सहाएक अंशांनी बदललं की दाब साधारण एका पाउंडाने हलतो. म्हणून घाटातून तापून आलेल्या टायरची हवा कमी करू नका. महिन्यातून एकदा सकाळी जवळच्या पंपावर जा, स्टेपनी असेल तर तीही तपासून घ्या. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, आणि ती देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.