कर्नल नेपिअरचं गवत आणि मामांचा युरिया

दिवाळीत संगमनेरजवळ मामांकडे गेलो होतो. चार संकरित गाई, आणि त्यांच्यासाठी विहिरीलगत वीस गुंठे हत्ती गवत. लहानपणी त्यात लपलो की शोधणाऱ्याची वाट लागायची. यंदा मात्र गवत जेमतेम कमरेएवढं आणि पिवळट. "दर कापणीला युरिया टाकतोय, तरी हे असंच," मामा म्हणाले.

पुण्याला परत आलो आणि शनिवार-रविवार ह्या गवताच्याच मागे लागलो. इतिहास मजेदार निघाला.

हे गवत मूळचं आफ्रिकेतलं, नदीकाठच्या गाळात माजणारं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुलावायोच्या (म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतल्या) कर्नल नेपिअर यांनी तिथल्या शेतीखात्याला त्याचा चारा म्हणून विचार करायला लावलं, म्हणून हे 'नेपिअर'. १९१२च्या सुमारास ते भारतात आलं. पुढे आपल्या शास्त्रज्ञांनी त्याचा बाजरीशी संकर केला. बाजरीची गुणसूत्रं १४, नेपिअरची २८, संकराची २१. विषम संच, त्यामुळे बी धरत नाही. ठोंब किंवा कांड्या लावूनच वाढवायचं. आमच्या भाषेत, निव्वळ कॉपी-पेस्ट!

१९६७ साली उरुळीकांचनला बाएफ सुरू झाली, १९७० साली दुधाचा महापूर आला, संकरित गाई गोठ्यात आल्या. त्यांना नुसत्या कडब्यावर कसं भागणार? राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'यशवंत', 'जयवंत' असे वाण दिले. एकदा लावा, वर्षाला सहा-सात वेळा कापा.

आणि गोम इथेच आहे. नदीकाठी ह्या गवताला पूर दरवर्षी नवा गाळ आणून देतो. विहिरीकाठी कोण देणार?

मी गणित मांडलं. एक टन हिरव्या चाऱ्यात साधारण २०० किलो कोरडा भाग. त्यात ८ टक्के प्रथिनं धरली तर १६ किलो, म्हणजे अडीच किलो नत्र. ते भरून काढायला साडेपाच किलो युरिया लागतो. ठीक आहे, तो मामा टाकतात. पण त्याच टनाबरोबर पालाशही जातं, तेही बहुधा नत्रापेक्षा जास्त! युरियात पालाश शून्य. मग ते जातं कुठे? गाईच्या पोटातून, मुख्यतः मुतातून, गोठ्यात. चाऱ्यातल्या नत्राचाही पाव हिस्साच जेमतेम दुधात जातो, बाकी शेणामुतात.

केनियात १९८० पासून डच मदतीने छोट्या शेतकऱ्यांसाठी गोठा आणि नेपिअर अशी दुग्धविकास योजना राबवली गेली. गोठ्यातलं शेणमूत परत नेपिअरच्या रांगांत घालणं हा त्या शिकवणीचाच भाग होता. गाय बांधलेली असली की खत आपणहून रानात जात नाही, माणसाला न्यावं लागतं.

मामांना फोन केला. "मामा, तुमचं शेणखत जातं कुठे?"

"द्राक्षवाले ट्रॉलीने नेतात की. रोख पैसे मिळतात. पिंकीची कॉलेजची फी त्यातूनच भरतो."

ह्यावर मी काय बोलणार? दुधाचे पैसे पेंडीत जातात, शेणाचे फीत, आणि हिशेब गवताच्या माथी. मी एवढंच सुचवलं की गोठ्याच्या नाल्यातलं मूत तरी पाण्यात मिसळून गवताला सोडा, ते कोणी विकत नेत नाही. एखादी ट्रॉली ठेवून घ्या, आणि युरिया वाढवायच्या आधी माती तपासा.

"बघतो," म्हणाले मामा. थोडं थांबून, "तुझं गणित बरोबर असेल रे, पण पिंकीचं अजून एक वर्ष बाकी आहे."

असो. नाला खोदायला पुढच्या शनिवारी मी जातोय. कुदळ मामांची, पाठ माझी.