असिंक्रोनस विनंतीतून आलेल्या एचटीएमएलमधील घटकनिवड

पान नव्याने न उघडता सर्व्हरकडून एचटीएमएल मागवून त्यातला हवा तेवढाच भाग वेचण्याची वेब-प्रोग्रॅमिंगमधील पद्धत. तिला आधार मिळाला तो इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधून (१९९९) आलेल्या एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टचा. जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ मध्ये या तंत्राला ‘एजॅक्स’ हे नाव दिले आणि २००६ मध्ये जॉन रेसिग यांच्या जेक्वेरीने ते सर्वसामान्य प्रोग्रॅमरच्या आवाक्यात आणले.

सर्व्हरचे उत्तर ही निव्वळ अक्षरांची स्ट्रिंग असते. ती पार्स होऊन तिचा डॉम-वृक्ष बनल्याशिवाय सिलेक्टर चालत नाही. शिवाय उघड्या पानावर चालवलेला सिलेक्टर या नव्या वृक्षात डोकावत नाही. उत्तर केव्हा येईल याचा नेम नसल्याने निवडीचा कोड कॉलबॅकमध्येच लिहावा लागतो.

खरी गफलत होते ती वृक्षातील पातळीमुळे. समजा, उत्तरात ‘निकाल’ आयडीचा एकच डिव्ह आला. ती स्ट्रिंग जेक्वेरीला देऊन ‘फाइंड’ने ‘#निकाल’ शोधला, तर मिळालेल्या संचाची लांबी शून्य भरते. डिव्ह डोळ्यांसमोर असतो, पण फाइंड फक्त वंशज तपासते आणि इथे निकाल स्वतःच सर्वांत वरचा घटक आहे. तो ‘फिल्टर’ने सापडतो. मात्र उद्या कोणी टेम्प्लेटमध्ये त्याभोवती आणखी एक डिव्ह घातला, की फिल्टरही निकामी. पूर्ण पान आले तरी हाच पेच पडतो: जेक्वेरीच्या पार्सिंगमध्ये एचटीएमएल, हेड आणि बॉडी हे टॅग गळतात व बॉडीची मुले वरच्या पातळीवर येतात. म्हणून पार्सएचटीएमएलने मिळालेले सगळे घटक रिकाम्या डिव्हमध्ये घालून मगच फाइंड वापरणे श्रेयस्कर. यूआरएलपुढे जागा सोडून सिलेक्टर दिला, तर जेक्वेरीचे ‘लोड’ आतून हेच करते. त्या वेळी स्क्रिप्ट टॅग वगळले जातात.

आज नव्या कोडसाठी फेचने मजकूर घेऊन तो डॉमपार्सरला देणे अधिक चांगले. त्यातून हेड-बॉडीसह अख्खा दस्तऐवज मिळतो, त्यामुळे क्वेरीसिलेक्टरला पातळीची अडचण येत नाही. पार्स करताना स्क्रिप्ट चालत नाहीत, चित्रेही उतरत नाहीत. तरीही निवडलेला घटक पानात घातला, की त्यातील ‘ऑनएरर’सारखे गुणधर्म जिवंत होतात, म्हणून परक्या स्रोताकडून आलेले एचटीएमएल त्याआधी सॅनिटाइझ करणे अनिवार्य आहे.