मोंताय्यू : पिरेनीजमधील एका खेड्याचा इतिहास

फ्रान्सच्या दक्षिण सीमेवर पिरेनीज पर्वताच्या उत्तर उतारावर मोंताय्यू हे लहानसे गाव आहे. आजच्या प्रशासकीय रचनेत ते आरियेज जिल्ह्यात मोडते. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंचीवरचे हे पठार तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे. जवळून वाहणारी एर्स नदी पुढे खोल घळीतून उत्तरेकडे उतरते. खिंड ओलांडली की आक्स-ले-तर्म हे उन्हाळ्यांचे, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचे, बाजारगाव लागते. हिवाळा लांब असतो आणि बर्फ पुष्कळ पडते. द्राक्षे आणि ऑलिव्ह इतक्या उंचीवर पिकत नाहीत. मध्ययुगात मोंताय्यू फ्वाच्या काउंटच्या मुलखात होते. टेकडीच्या माथ्यावर त्याची गढी होती आणि तिच्या खालच्या उतारावर घरे पायरीपायरीने बांधलेली होती. आज गढीचे फक्त भग्नावशेष उरले आहेत आणि वस्ती टेकडीच्या पायथ्याशी सरकली आहे.

इसवी सन 1300 च्या सुमारास गावात दोनशे ते अडीचशे माणसे राहत होती. त्या काळच्या युरोपात अशी हजारो खेडी होती आणि त्यांतल्या बहुतेकांची आठवण करवसुलीच्या याद्यांपलीकडे उरलेली नाही. मोंताय्यूचे तसे झाले नाही. इथले शेतकरी, मेंढपाळ, विधवा आणि मोलकरणी काय बोलत, काय खात, कोणावर प्रेम करत आणि मृत्यूनंतर काय होते असे मानत, हे सातशे वर्षांनंतरही वाचता येते. याला कारण झाली ती त्यांच्यावर चाललेली धार्मिक चौकशी.

बाराव्या आणि तेराव्या शतकांत दक्षिण फ्रान्समध्ये काथार पंथ रुजला होता. दृश्य जग दुष्ट शक्तीने घडवले असून आत्मा त्यात अडकला आहे, अशी या पंथाची शिकवण होती. दीक्षा घेतलेले काथार साधू ब्रह्मचर्य पाळत आणि मांस, अंडी, दूध वर्ज्य मानत; मासे मात्र त्यांना चालत. प्राण्याला मारणे त्यांना निषिद्ध होते. योग्य देह मिळेपर्यंत आत्मा एका शरीरातून दुसऱ्या शरीरात फिरत राहतो, असा त्यांचा विश्वास होता. पूर्वजन्मी आपण घोडा होतो आणि अमुक दगडांमध्ये आपला नाल निसटला होता, असे सांगणाऱ्या साधूची कथा मेंढपाळ एकमेकांना सांगत. कथेनुसार तो नाल तिथे सापडलाही. सामान्य अनुयायी मरणाच्या दारात दीक्षा घेई आणि काही जण त्यानंतर प्रायोपवेशन करून देह ठेवत.

कॅथलिक चर्चच्या दृष्टीने हे पाखंड होते. 1209 मध्ये त्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारले गेले आणि ते वीस वर्षे चालले. मोंताय्यूपासून फार दूर नसलेला मोंसेगुरचा किल्ला 1244 मध्ये पडला, तेव्हा दोनशेहून अधिक काथारांना जिवंत जाळण्यात आले. पंथ मोडला, पण डोंगराळ भागात त्याची धुगधुगी राहिली. आक्स-ले-तर्मचा नोटरी पिएर ओतिये आपल्या भावासह इटलीतील लोंबार्डीत गेला, तिथे त्याने दीक्षा घेतली आणि 1300 च्या सुमारास तो परतला. रात्री-अपरात्री एका घरातून दुसऱ्या घरात लपत या भावांनी पंथाला पुन्हा जीव दिला. त्यात मोंताय्यूची बहुतेक घरे सामील झाली. 1310 मध्ये तुलूझ येथे पिएर ओतियेला जाळण्यात आले.

या गावाच्या जगण्याचा कणा होता घर. घर म्हणजे भिंती-छप्पर आणि त्यात राहणारे कुटुंब, दोन्ही एकत्र. मधोमध चुलीची खोली असे आणि चूल विझू न देण्याची जबाबदारी बायकांची असे. गुरे, मेंढ्या आणि डुकरे त्याच छपराखाली किंवा लागूनच बांधत. घराला स्वतःचे दैव असते, अशी समजूत होती. घरचा कर्ता वारला की ते दैव बाहेर जाऊ नये म्हणून त्याचे थोडे केस आणि नखे कापून जपून ठेवत. क्लेर्ग घराण्याचा कर्ता पोंस मेला तेव्हा हा विधी केल्याची साक्ष नोंदलेली आहे. माणूस काथार होई तोही बहुधा एकटा नव्हे, घरासकट. मैत्री, वैर, लग्नसंबंध आणि श्रद्धा, सारे घराच्या आधारानेच ठरत असे.

शेतात गहू, ओट आणि सलगम होत. ताग व जवसापासून धागा मिळे. गावात पाणचक्की नव्हती. धान्य दळायला खिंडीपलीकडे आक्स-ले-तर्मला न्यावे लागे. रस्ते असे होते की चाकाच्या गाडीचा उपयोग नव्हता. ओझी खेचरांवर, गाढवांवर आणि माणसांच्या पाठीवर जात. बायका डोक्यावर घागर घेऊन पाणी आणत. रोजच्या जेवणात भाकरीसारखा जाड पाव, कोबी आणि कांद्याच्या जातीच्या भाज्या घातलेले सूप, खारवलेले डुकराचे मांस आणि मेंढीच्या दुधाचे चीज असे. वाइन खालच्या खोऱ्यातून येई. अंघोळ क्वचितच होई, पण उन्हात बसून एकमेकांच्या उवा काढण्याचे काम मात्र नित्याचे. आई मुलाच्या, सासू जावयाच्या, प्रेयसी प्रियकराच्या उवा काढी आणि गावातल्या साऱ्या बातम्या, धर्मचर्चेसकट, याच वेळी बोलल्या जात.

गावाचा दुसरा आधार होता मेंढपाळी. नाताळच्या सुमारास मेंढ्या वीत, मे महिन्यात लोकर कातरली जाई आणि उन्हाळ्यात उंच कुरणांवर चीज तयार होई. हिवाळ्यात कळप पिरेनीज ओलांडून कॅटालोनियाच्या सखल भागाकडे नेत. कुरणांवर अनेक मेंढपाळ एका झोपडीत मुक्काम करत. तिथे मोंताय्यूचे, कॅटालोनियाचे, आरागॉनचे लोक एकत्र येत. पंथाचे विचार आणि निरोप त्यांच्याच सोबतीने डोंगर ओलांडत. पिएर मोरी हा मोंताय्यूचा मेंढपाळ या जगाचा प्रतिनिधी म्हणता येईल. त्याच्या गाठीशी घर नव्हते, बायको-मुले नव्हती, जमीन नव्हती. होत्या त्या थोड्या मेंढ्या, मजुरी आणि डोंगराच्या दोन्ही बाजूंना पसरलेले मित्र. गरिबीबद्दल त्याच्या बोलण्यात तक्रार आढळत नाही.

गावची सत्ता मात्र क्लेर्ग घराण्याच्या हाती होती. बेर्नार क्लेर्ग हा काउंटचा कारभारी. महसूल आणि न्याय त्याच्याकडे. त्याचा भाऊ पिएर गावचा कॅथलिक पाद्री. हाच पाद्री गुपचूप काथारांना पाठीशी घाली, दशमांश गोळा करी आणि गावातील अनेक स्त्रियांशी संबंध ठेवी. गढीच्या अधिकाऱ्याची विधवा बेआत्रिस द प्लानिसोल ही त्यांपैकी एक; तिच्या जबानीतून पाद्रीचे संभाषण आजही वाचायला मिळते. पुढे पिएर क्लेर्ग कार्कासोनच्या धर्मन्यायालयाला माहिती पुरवू लागला आणि त्या जोरावर आपल्या वैऱ्यांना अडकवू लागला. क्लेर्ग पाखंडी आहेत असे बोलणाऱ्या मेंगार्द मोर्स या स्त्रीची जीभ कापण्यात आली. 1308 मध्ये धर्मन्यायाधीश जोफ्रुआ दाब्लीच्या हुकमाने गावातील सर्व जाणत्या वयाच्या माणसांना पकडण्यात आले. अनेकांना तुरुंग मिळाला, अनेकांना कपड्यांवर पिवळे क्रूस शिवून हिंडावे लागले.

1317 मध्ये झाक फुर्निये पामियेचा बिशप झाला. साध्या घरातला, सिस्टरशियन संघात वाढलेला हा विद्वान चिकाटीने चौकशी करी. 1318 ते 1325 या काळात त्याच्या न्यायालयाचे काम 370 दिवस चालले आणि 578 जबान्या झाल्या. यातना देण्यावर त्याचा भर नव्हता. तो आरोपीला बोलू देई, आठवायला लावी, विसंगती पकडी. साक्षीदार आपल्या ऑक्सिटन बोलीत बोलत. लेखनिक ते लॅटिनमध्ये उतरवत, जबानी वाचून दाखवत आणि मग चर्मपत्रावर नक्कल करत. मोंताय्यूच्या 25 आरोपींचे म्हणणे अशा रीतीने नोंदले गेले. पिएर क्लेर्गला 1320 मध्ये अटक झाली आणि पुढच्याच वर्षी तो कैदेत मेला. बेआत्रिसला 1321 मध्ये तुरुंगवास झाला आणि वर्षभरानंतर पिवळे क्रूस धारण करण्याच्या अटीवर ती सुटली. गियोम फोर या गावकऱ्याला जाळण्यात आले. पिएर मोरीला 1324 मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली.

फुर्नियेची चौकशी सुरू झाली तेव्हा लांग्दोकमधला शेवटचा दीक्षित काथार गियोम बेलिबास्त पिरेनीजपलीकडे मोरेल्या आणि सान मातेऊ या गावांत परागंदा अनुयायांसोबत राहत होता. आर्नो सिक्र नावाच्या माणसाने पंथाचा अनुयायी असल्याचे सोंग घेऊन त्याचा विश्वास मिळवला. सिक्रची आई काथार म्हणून जाळली गेली होती आणि तिची जप्त मालमत्ता त्याला परत हवी होती. त्याने बेलिबास्तला सीमेकडे आणून पकडून दिले. 1321 मध्ये विलरूज-तेर्मनेस येथे बेलिबास्तला जाळण्यात आले.

झाक फुर्निये 1334 मध्ये पोप झाला आणि बेनेडिक्ट बारावा या नावाने 1342 पर्यंत आव्हिन्योंहून चर्चचा कारभार पाहत राहिला. त्याने आपल्यासोबत नेलेल्या नोंदवह्यांपैकी एक व्हॅटिकन ग्रंथालयात टिकून राहिली. झां दुव्हेर्नुआ यांनी 1965 मध्ये तिची लॅटिन संहिता प्रसिद्ध केली. दहा वर्षांनी इतिहासकार एमान्युएल ल रुआ लादुरी यांनी तिच्या आधारे ‘मोंताय्यू’ हा ग्रंथ लिहिला. एका खेड्याच्या सामान्य माणसांवरचा हा जाड ग्रंथ फ्रान्समध्ये प्रचंड खपला, अनेक भाषांत गेला आणि लहान जागेचा सखोल इतिहास लिहिण्याच्या पद्धतीला त्यामुळे बळ मिळाले. त्यावर रास्त टीकाही झाली. जबान्या शिक्षेच्या धाकाखाली दिलेल्या आहेत, भाषांतरित आहेत आणि प्रश्न न्यायाधीशाचे आहेत. म्हणून त्यांना गावकऱ्यांचा मोकळा आवाज मानता येत नाही, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. नोंदवही वाचताना ही सावधगिरी बाळगावीच लागते.

गाव पुढे खचत गेले. चौदाव्या शतकातील प्लेग आणि युद्धांनंतर, 1390 मध्ये तिथे 23 घरे उरली होती. नंतर वस्ती पुन्हा वाढली. पण एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत तरुण माणसे शहरांकडे गेली. आज कायमचे रहिवासी मोजकेच आहेत आणि पर्यटक गढीचे अवशेष व गावाबाहेरचे मेरीमातेचे देऊळ पाहायला येतात. ज्या न्यायालयाने मोंताय्यूच्या माणसांची श्रद्धा पुसून टाकली, त्याच न्यायालयाच्या लेखनिकांनी त्यांची नावे, घरे आणि बोलणे जपून ठेवले. मध्ययुगीन युरोपातील सामान्य ग्रामीण माणसाची इतकी जवळून ओळख करून देणारी साधने फारच थोडी आहेत. म्हणून मोंताय्यूचे स्थान इतिहासलेखनात कायम राहील.