सहाला टाळं

परदेशी प्रयोगशाळेत उमेदवारी करणारा विद्यार्थी शनिवार-रविवारी शहरं पाहत हिंडला की वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. इतिहास मात्र हिंडणाऱ्याला फारसा दोष देत नाही. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्डच्या अमलात संध्याकाळी सहाला कामं बंद होत. उरलेला वेळ विचार करण्यासाठी, अशी त्याची धारणा होती. तरीही १९३२ साली तिथेच चॅडविकला न्यूट्रॉन सापडला आणि कॉक्रॉफ्ट-वॉल्टन जोडीनं अणुकेंद्र फोडलं. चॅडविकनं त्या दिवसांत रात्री जागवल्या हे खरं, पण तो अपवाद होता, रोजचा नेम नव्हे.

त्याच वर्षी मुंबईच्या होमी भाभांना केंब्रिजची राउज बॉल शिष्यवृत्ती मिळाली, तीही प्रवासासाठीच. ते झुरिचला भौतिकशास्त्रज्ञ पाउलीकडे गेले, रोमला फर्मीकडे गेले. विश्वकिरणांवरचा त्यांचा पहिला शोधनिबंध १९३३मधला, म्हणजे याच भटकंतीच्या काळातला. यावर कुणी म्हणेल, भाभांचं काम कागद-पेन्सिलीचं आणि घरही सधन. पहिला आक्षेप वजनदार आहे. पेशी वाढवणाऱ्याला रविवारीसुद्धा त्यांचं खाद्य बदलावं लागतं, तिथं सोबत्याशी पाळी ठरवल्याशिवाय गाडी पकडता येत नाही. दुसरा तितकासा टिकत नाही, कारण प्रवासाचे पैसे शिष्यवृत्तीतूनच आले होते. हिंडणं हा केंब्रिजच्या लेखी शिक्षणाचाच खर्च होता. पुढे १९४५ साली भाभांनी उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कुलाब्यातल्या इमारतीत भिंतीवर चित्रकार हुसेन यांचं भलंमोठं चित्र आहे. प्रयोगशाळेत चित्रं कशाला, हा प्रश्न भाभांना पडला नाही.