फुटलेल्या नळीची साक्ष

मंडळी, जत्रेत देवाची पालखी निघाली की उखळीचे बार उडतात. लोखंडाचे ते ठेंगणे उखळ, त्यात ठासलेली दारू आणि बत्ती देऊन मागे पळणारा गडी, हे दृश्य खेड्यातल्या माणसाला नवे नाही. एखाद्या वर्षी उखळी फुटते. मग पारावर चर्चा बसते. कोणी म्हणतो, लोखंडच खोटे होते. कोणी म्हणतो, देवाचे काही चुकले असेल. ज्याने बार भरला तो मात्र गप्प असतो. आज मला त्या गप्प बसणाऱ्या माणसाविषयी बोलायचे आहे. बंदुका फुटण्याचा इतिहास पुष्कळदा बार भरणाऱ्या हाताचाच इतिहास असतो.

आपल्या बीड जिल्ह्याची आणि तोफाबंदुकांची ओळख जुनी आहे. किल्ले धारूर विजापूरच्या किश्वरखानाने सोळाव्या शतकात उभा केला. शेजारच्या परांड्याच्या किल्ल्यावर मलिक-ए-मैदान ही अवाढव्य तोफ होती. ती १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली आणि १६३२ मध्ये विजापूरला नेण्यात आली. जिल्ह्याच्या सीमेलगत खर्ड्याजवळ ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. त्या काळी कवायती पलटणींपाशी कागदी काडतुसे असत. पण तोड्याची बंदूक खांद्यावर टाकून निघालेल्या साध्या शिपायाला प्रत्येक बार स्वतःच्या हाताने रचावा लागे. शिंगाड्यातली दारू नळीत ओतायची, वर गोळी सोडायची, गजाने ठासायची, कानाशी रंजक घालायची आणि मग तोड्याने पेटवायची. यातली एक पायरी चुकली, तर शत्रूच्या आधी स्वतःचाच हात जायचा.

आता बघा, फुटलेली नळी मुकी नसते. ती कुठे फुटली, यावरून चूक ओळखता येते.

नळी मागच्या बाजूला, दारूच्या जागी उभी फाटली असेल, तर पहिला संशय दारूवर घ्यावा. तिथेच दाब सर्वांत जास्त असतो. दारू जास्त पडली असेल, किंवा फार बारीक असेल. बारीक दारू भरभर जळते, म्हणून माप तेच असूनही दाब वाढतो.

नळी मध्येच बांगडीसारखी फुगली किंवा तिथे फुटली असेल, तर वाटेत काहीतरी अडले होते असे समजावे. चारपाच बार झाले की नळीच्या आत काजळी धरते. मग गोळी तळापर्यंत जात नाही, अर्ध्यावरच अडते. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहते, आणि बार सुटला की त्या पोकळीच्या टोकाशी दाबाचा धक्का बसतो.

तोंडच फुलासारखे उमलले असेल, तर तोंडात चिखल किंवा माती गेली असण्याचा संभव अधिक.

आणि कधी कधी नळी अभंग असते, पण कान झिजून मोठा झालेला असतो. तेव्हा आगीचा लोट उलट बार भरणाऱ्याच्याच तोंडावर येतो.

दारूची काळजी हा विषय आपल्या जुन्या राज्यकर्त्यांनीही क्षुल्लक मानला नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरचा दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, आणि दारू ठराविक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, अशी शिस्त सांगितली आहे. दमट दारू पेटली न पेटली, तिचा भरवसा नाही. बार फुसका जातो, गोळी नळीतच राहते, आणि शिपाई दुसरा बार तिच्यावर भरतो. पुढचे सांगायला नको.

हे अडाण्यांच्याच हातून होते असे मात्र समजू नका. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६३ साली गेटिसबर्गची लढाई झाली. रणांगणावर सत्तावीस हजारांहून अधिक बंदुका गोळा झाल्या. त्या वेळच्या प्रसिद्ध नोंदीप्रमाणे त्यांतल्या सुमारे चोवीस हजार भरलेल्याच होत्या. त्यांतल्या निम्म्यांत दोन दोन बार होते, आणि एका बंदुकीत तर तेवीस! शिकवलेले शिपाई होते हो ते. पण धूर, गोंगाट आणि भीती यांत आपला बार उडाला की नाही, हेच त्यांना कळले नाही. हात सवयीने भरत राहिले.

पुढे पितळी काडतूस आले. आपल्या पुण्याजवळ खडकीला १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला. १८८४ च्या सुमारास फ्रान्समध्ये धूर न करणारी दारू सापडली. ती जुन्या काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरकस. काळ्या दारूच्या मापाने ती भरली, तर जुनी नळी टिकणार कशी? काही देशांत शौकीन लोक उडवलेली पितळी टरफले पुन्हा घरी भरतात. नवी दारू टरफलात थोडीच जागा घेते, त्यामुळे चुकून दुप्पट पडली तरी डोळ्यांना दिसत नाही. अशी रायफल फुटली, की जाणकार आधी टरफलाचे बूड बघतात. ते पसरले आहे का, पितळ वितळल्यासारखे वाहिले आहे का? मग त्याच हातची उरलेली काडतुसे उघडतात आणि प्रत्येकातली दारू तोलतात. न उडालेली काडतुसे उडालेल्या काडतुसाची साक्ष देतात.

पण मंडळी, दोष दर वेळी भरणाऱ्याचाच असतो असेही नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, अमेरिकेत स्प्रिंगफील्ड रायफली फुटू लागल्या. चौकशीत काही काडतुसांचे पितळ मऊ निघाले. पण रायफलीचे पोलादही ठिसूळ निघाले. असे का? तिथले अनुभवी लोहार तापलेल्या लोखंडाचा रंग डोळ्यांनी पारखत. लख्ख उन्हाच्या दिवशी तेच लोखंड कमी तापल्यासारखे दिसे, म्हणून ते जास्त तापवले जाई आणि जळून जाई. मग भट्टीला उष्णता मोजण्याची यंत्रे बसवली आणि १९१८ मध्ये पोलादाला पाणी देण्याची रीत बदलली. कोणी लबाडी केली नव्हती. नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवला, एवढीच चूक होती. आपल्या गावच्या लोहाराला हे सांगा, तो लगेच मान हलवील.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, इतिहासाच्या तासाला आपण लढाई कोण जिंकले ते शिकवतो. एखाद्या दिवशी मुलांना हेही विचारा, की फुटलेल्या नळीसमोर उभे राहून पहिला प्रश्न कोणता करावा? ‘कोणी केले?’ असे विचारले, की माणसे गप्प होतात आणि खरे कारण मातीत जाते. ‘कुठे फुटले?’ असे विचारले, की लोखंड बोलू लागते. भरणारा गडीही मग मोकळा होतो. दोन बार पडले, गज खाली गेला नाही, दारू भिजली होती, असे तो आपणहून सांगतो. पुढच्या वर्षी कोणाचा तरी हात वाचतो तो या सांगण्यामुळे.

जाता जाता शेतकरी बंधूंना एक सांगतो. घराच्या माळ्यावर आजोबांची ठासणीची बंदूक सापडली, तर ती रिकामी आहे असे धरून चालू नका. नळीत जुना बार असू शकतो. तिला बत्ती लावून किंवा गज घालून पाहू नका, पोलीस ठाण्याला कळवा. परवान्यावाचून बंदूक बाळगणे किंवा काडतूस बनवणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. आणि विहिरीतला सुरुंग उडाला नाही, तर तो उकरायला खाली उतरू नका, जाणत्या परवानाधारकालाच बोलवा. न उडालेला बार म्हणजे संपलेला बार नव्हे, एवढे ध्यानात ठेवले तरी आजचे ऐकणे कारणी लागले असे मी म्हणेन.